आंदोलनाचा हक्क कुठे संपतो आणि गैरवापर कुठे सुरू होतो? पुणतांब्याच्या शेतकरी संपातून समजून घ्या

१ जून २०१७ ला महाराष्ट्रातले शेतकरी संपावर गेले. संपाची हाक उठली ती अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहाता तालुक्यातल्या पुणतांबा गावातून. गोदावरीकाठचं आणि चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे ओळखलं जाणारं हे गाव त्या उन्हाळ्यात देशभरातल्या बातम्यांमध्ये झळकलं.

त्याआधी एप्रिलमध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेत संपाचा ठराव झाला होता. सरसकट कर्जमाफी, स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीनुसार उत्पादन खर्चावर ५० टक्के नफा धरून हमीभाव, दुधाला वाढीव दर, साठी ओलांडलेल्या शेतकऱ्यांना पेन्शन अशा मागण्या होत्या. मागण्या मान्य होईपर्यंत शहरांना दूध आणि भाजीपाला पाठवायचा नाही, असं ठरलं.

संप सुरू झाला आणि मोबाईलवर व्हिडिओ फिरू लागले. काही व्हिडिओंमध्ये शेतकरी स्वतःच्या घरचं दूध रस्त्यावर ओतत होते. काही व्हिडिओंमध्ये दुसऱ्याचा टँकर अडवून त्यातलं दूध सोडलं जात होतं आणि भाजीचे टेम्पो थांबवून माल फेकला जात होता.

कमेंटमध्येही दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणत होती, 'आंदोलन हा आमचा हक्क आहे, आम्ही काहीही करू.' दुसरी म्हणत होती, 'हा हक्कांचा गैरवापर आहे, असली आंदोलनं बंदच केली पाहिजेत.'

कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. ती का, हे समजून घ्यायचं तर मानवी हक्कांच्या कायद्यातली 'हक्कांचा गैरवापर' ही संकल्पना आधी पाहावी लागेल.

हक्कांचा गैरवापर म्हणजे काय?

साध्या शब्दांत सांगायचं तर, स्वतःचा हक्क पुढे करून दुसऱ्याचा हक्क संपवणं म्हणजे हक्काचा गैरवापर.

संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्याचं शेवटचं, ३० वं कलम हेच सांगतं. या जाहीरनाम्यातल्या कोणत्याही गोष्टीचा अर्थ असा लावता येणार नाही, की त्यातलेच हक्क नष्ट करण्याचा अधिकार कोणाला मिळाला आहे. इथे 'कोणाला' या शब्दात तिघं येतात: राज्यसंस्था, गट आणि व्यक्ती.

हा क्रम लक्षात ठेवा. हक्कांचा गैरवापर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमाव येतो. जाहीरनाम्याने मात्र सरकारचं नाव सर्वात आधी घेतलं आहे.

असंच कलम १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही आहे. त्याचा क्रमांक ५. भारताने हा करार १९७९ मध्ये स्वीकारला.

ही कल्पना आली कुठून?

याचं उत्तर जर्मनीच्या इतिहासात आहे. नाझी पक्षाने सभा, वर्तमानपत्रं आणि निवडणुका या लोकशाहीतल्याच वाटा वापरून ताकद वाढवली. सत्ता हातात येताच, फेब्रुवारी १९३३ मध्ये संसदेच्या इमारतीला लागलेल्या आगीचं निमित्त करून, त्याच हक्कांना स्थगिती दिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या देशांनी या अनुभवातून धडा घेतला. १९५० च्या युरोपीय मानवी हक्क कराराच्या १७ व्या कलमात हक्कांच्या गैरवापराला मनाई आली. जर्मनीच्या नव्या राज्यघटनेचं १८ वं कलम तर आणखी पुढे गेलं. लोकशाही व्यवस्था उलथवण्यासाठी हक्क वापरणाऱ्याचे काही मूलभूत हक्क काढून घेता येतात, अशी तरतूद त्यात आहे. हा निर्णय सरकार घेऊ शकत नाही, तो अधिकार फक्त तिथल्या घटनात्मक न्यायालयाला आहे. आणि आजवर या कलमाखाली एकाही माणसाचे हक्क काढून घेतलेले नाहीत.

इतकी सावधगिरी का? कारण 'तुम्ही हक्कांचा गैरवापर करताय' हा आरोप करणं सरकारसाठी फार सोपं असतं.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा १९६१ चा 'लॉलेस विरुद्ध आयर्लंड' हा निकाल यासाठी महत्त्वाचा आहे. एका सशस्त्र संघटनेशी संबंध असल्याच्या कारणावरून एका माणसाला १९५७ मध्ये खटला न चालवता काही महिने डांबून ठेवलं होतं. आयर्लंड सरकारचं म्हणणं होतं, की हा माणूस इतरांचे हक्क नष्ट करणाऱ्या संघटनेतला आहे, मग त्याला हक्क मागायचा अधिकारच काय?

न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. हक्कांचा आधार घेऊन इतरांचे हक्क मोडणाऱ्या कृत्याचं समर्थन करता येणार नाही. पण बेकायदा अटक होऊ नये आणि न्याय्य सुनावणी मिळावी हे मूळ संरक्षण त्या माणसाकडून काढून घेता येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. आणीबाणीच्या तरतुदीमुळे आयर्लंड तो खटला जिंकलं, पण हे तत्त्व कायम राहिलं.

म्हणजे गैरवापर करणारं कृत्य रोखायचं, माणसाला हक्कांच्या बाहेर काढायचं नाही.

भारताच्या राज्यघटनेत काय आहे?

'हक्कांचा गैरवापर' अशा नावाचं सरसकट कलम आपल्या राज्यघटनेत नाही. त्याऐवजी प्रत्येक हक्काबरोबरच त्याची मर्यादा लिहिलेली आहे.

कलम १९(१)(क) भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. कलम १९(१)(ख) एकत्र जमण्याचा हक्क देतं, पण शांततेने आणि शस्त्रांशिवाय. ही अट हक्काच्या व्याख्येतच आहे. म्हणजे हातात कोयते घेऊन जमलेल्या जमावाने या कलमाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

त्यापुढच्या पोटकलमांमध्ये सरकारला 'वाजवी निर्बंध' घालण्याची मुभा आहे. ती मनाला येईल त्या कारणासाठी नाही. जमण्याच्या हक्कावर निर्बंध घालायचे तर कारणं दोनच: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना याच टीकेला उत्तर दिलं होतं. मूलभूत हक्क कुठेही अमर्याद नसतात, अमेरिकेतही नाहीत, हे त्यांनी तिथल्या न्यायालयीन निकालाचा दाखला देऊन सांगितलं. वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी आंदोलनांबद्दलही इशारा दिला. घटनात्मक मार्ग खुले असताना घटनाबाह्य मार्ग वापरणं म्हणजे अराजकाचं व्याकरण आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

राज्यघटनेची काही कलमं थेट नागरिकांनाही लागू होतात. दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते वापरताना भेदभाव करायला मनाई करणारं कलम १५(२), अस्पृश्यता संपवणारं कलम १७ आणि वेठबिगारीला बंदी घालणारं कलम २३ ही त्यातली महत्त्वाची.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही याच विचारातून आला. संघटना करण्याचा हक्क जातपंचायतीतल्या लोकांनाही आहे. पण तो वापरून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायचं, त्यांचं लग्न, अंत्यविधी, किराणा बंद करायचा, हा गैरवापर झाला. या कायद्याला २०१७ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली.

आता पुणतांब्याचा संप या चौकटीत बसवून पाहू

'शेतकरी संप' हा शब्द आपण वापरतो, पण कायद्याच्या अर्थाने तो कामगारांसारखा संप नव्हता. शेतकरी कोणाचा नोकर नाही. संप करणं हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 'कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य' या १९६२ च्या निकालात म्हटलं होतं. ते प्रकरण सरकारी कर्मचाऱ्यांचं होतं. त्याच निकालात शांततापूर्ण निदर्शनं हा अभिव्यक्तीचा भाग असल्याचंही मान्य झालं.

मग संपातल्या कृती एकेक करून पाहू.

*स्वतःचा माल न विकणं:* दूध डेअरीला घालायचं की नाही, कांदा बाजार समितीत न्यायचा की नाही, हा निर्णय शेतकऱ्याचा. ग्राहकाला चार दिवस दूध मिळालं नाही तर त्याची अडचण होते. पण तेवढ्याने शेतकऱ्याने त्याचा मूलभूत हक्क मोडला, असं होत नाही.

*स्वतःचं दूध ओतणं:* बघणाऱ्याला वाईट वाटेल, टीकाही करता येईल. पण दूध त्याचं स्वतःचं आहे. रस्ता निसरडा होऊन अपघात झाला किंवा वाहतूक अडली, तर मात्र सार्वजनिक उपद्रवाचा प्रश्न येतो.

*शेजाऱ्याला संपात या म्हणणं:* हा तर हक्काचा गाभाच. सभा घ्या, पत्रकं वाटा, घरोघरी जाऊन समजावा.

*शेजाऱ्याचा टँकर अडवून दूध ओतणं:* इथे रेषा ओलांडली जाते. त्या दुसऱ्या शेतकऱ्यालाही व्यवसाय करण्याचा आणि मुक्तपणे फिरण्याचा हक्क आहे. संपात न येण्याचाही हक्क आहे. वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ नुसार आणि मालाची नासधूस हा कलम ३२४ नुसार गुन्हा ठरू शकतो.

*रुग्णवाहिका अडकेल असा रास्ता रोको:* इथे प्रश्न थेट जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा होतो.

एकाच दिवशी, एकाच घोषणेखाली या पाचही गोष्टी घडू शकतात. त्यामुळे 'शेतकरी संप कायदेशीर होता की बेकायदेशीर?' हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणती कृती कायदेशीर होती, असं विचारायला हवं.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही २०२० मध्ये शांततापूर्ण जमावाच्या हक्कावर हीच भूमिका घेतली. केवळ वाहतूक किंवा रोजचे व्यवहार विस्कळीत झाले म्हणजे ती हिंसा होत नाही. आणि काही लोकांनी केलेल्या हिंसेमुळे बाकीच्यांचं शांततापूर्ण आंदोलन हिंसक ठरत नाही.

संपाचा शेवटही एका सुरात झाला नाही. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाल्यावर काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. इतरांना ते मान्य नव्हतं, त्यांनी आंदोलन चालू ठेवलं. ११ जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली आणि २४ जूनला दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची ३४,०२२ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. पुढे जून २०२२ मध्ये पुणतांब्यात पुन्हा आंदोलन झालं, तेव्हा मार्ग धरणे आंदोलनाचा होता.

'बंद' बद्दल कोर्ट काय म्हणतं?

केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जुलै १९९७ मध्ये 'भारत कुमार' प्रकरणात एक महत्त्वाचा फरक केला. हरताळ म्हणजे स्वतः काम बंद ठेवणं. बंद म्हणजे इतरांनाही बंद ठेवायला लावणं. पहिल्यात संमती आहे, दुसऱ्यात धाक आहे. म्हणून असा सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

महाराष्ट्रात याचा दणका बसला तो शिवसेना आणि भाजपला. घाटकोपरच्या बसमधल्या बॉम्बस्फोटानंतर ३० जुलै २००३ ला मुंबई बंद पुकारण्यात आला होता. माजी कॅबिनेट सचिव बी. जी. देशमुख आणि इतरांनी त्याविरोधात याचिका केली. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले.

वीस वर्षांनी वेळ आली विरोधी बाजूची. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणानंतर महाविकास आघाडीने २४ ऑगस्ट २०२४ ला महाराष्ट्र बंद पुकारला. आदल्या दिवशी उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. आघाडीने बंद मागे घेतला आणि नेत्यांनी काळ्या फिती लावून निषेध केला. निषेधाचा आवाज बंद झाला नाही, सक्ती तेवढी थांबली.

सरकारकडून गैरवापर होतो तेव्हा

आता नाण्याची दुसरी बाजू. पुणतांब्याचा संप पेटला त्याच आठवड्यात शेजारच्या मध्य प्रदेशातही शेतकरी आंदोलन सुरू होतं. ६ जून २०१७ ला मंदसौरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. जमाव हिंसक झाला तरी पोलिसांनी वापरलेलं बळ गरजेपुरतं आणि प्रमाणातच असावं लागतं. आंदोलकाने रेषा ओलांडली म्हणून त्याचा जगण्याचा हक्क संपत नाही.

निर्बंधांचाही गैरवापर होतो. महाराष्ट्रात पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, ते आपण नेहमी वाचतो. पूर्वीच्या कलम १४४ ची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. या आदेशांवर न्यायालयांनी वेळोवेळी लगाम घातला आहे.

१९७२ च्या हिंमतलाल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येईल, पण सभा घेण्याचा हक्कच संपवता येणार नाही. जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात न्यायालयाने सांगितलं, की कलम १४४ चा वापर वैध मतप्रदर्शन दाबण्यासाठी करता येत नाही. आदेश कारणांसह लेखी हवा आणि तो जाहीर व्हायला हवा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शाहीनबाग प्रकरणात न्यायालयाने आंदोलकांनाही सांगितलं, की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही.

एकाच घटनेत दोन्ही गैरवापर: पालघर, २०१२

सोशल मीडिया वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही घटना आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरमधल्या एका तरुणीने त्या बंदवर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती लाईक केली. जमावाने एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड केली. आणि पोलिसांनी अटक केली ती या दोन मुलींना.

म्हणजे जमावाने भावना दुखावल्याचं कारण सांगून दुसऱ्याच्या बोलण्याच्या हक्कावर घाला घातला. सरकारी यंत्रणेने सुव्यवस्थेचं कारण सांगून तेच केलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली ही कारवाई झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केलं. लोकांना न पटणारं बोलणं आणि हिंसेला चिथावणी देणं यात फरक आहे, हे त्या निकालाने ठामपणे सांगितलं.

मग गैरवापर झालाच तर जबाबदार कोण?

नियम सोपा आहे: ज्याने केलं, त्याच्यावर कारवाई. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीसाठी १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे. आंदोलनातल्या नुकसानीची भरपाई वसूल करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. ती न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि ज्येष्ठ वकील फली नरिमन यांच्या समित्यांच्या शिफारशींवर आधारलेली होती. त्यात हिंसा करणाऱ्यांबरोबर आयोजकांच्या जबाबदारीचाही विचार आहे.

त्यामुळे गावात आंदोलन ठरवत असाल तर काही गोष्टी आधीच करून ठेवा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठिकाण आणि वेळ ठरवून कळवा. रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवायला कार्यकर्ते नेमा. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा, कारण कोर्टात जायचं झालं तर तोच कागद लागतो.

पोस्ट शेअर करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. ही कृती करणाऱ्याने स्वतःचं नुकसान सोसलं आहे, की दुसऱ्याला सोसायला लावलं आहे?

२. समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक होती का?

३. अडचण तात्पुरती आहे, की कोणाचा जीव, रोजी किंवा बोलण्याचा हक्क जातो आहे?

४. सरकारने निर्बंध घातला असेल तर तो कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कारणासाठी आणि किती दिवसांसाठी? त्याहून सौम्य उपाय होता का?

५. कारवाई विशिष्ट कृत्यावर झाली आहे, की सगळ्या आंदोलकांवर, सगळ्या गावावर किंवा समाजावर?

पहिले तीन प्रश्न आंदोलकांसाठी आहेत, शेवटचे दोन सरकारसाठी. आपल्याला पटणाऱ्या आंदोलनाला पहिले तीन विचारायला आणि न पटणाऱ्या आंदोलनासाठी शेवटचे दोन विचारायला जड जातं. पण खरी गरज तिथेच असते.

पुणतांब्याच्या शेतकऱ्याला आपलं दूध घरी ठेवण्याचा हक्क होता. त्याच रस्त्याने दूध घेऊन निघालेल्या दुसऱ्या शेतकऱ्यालाही पुढे जाण्याचा हक्क होता. दोघांचाही हक्क शाबूत ठेवणं हे पोलिसांचं, कोर्टाचं आणि सरकारचं काम आहे. मानवी हक्कांचा कायदा गैरवापर रोखा म्हणतो, तेव्हा त्याला एवढंच अभिप्रेत असतं.